स्वस्त संगणकाचे परावलंबन

2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने मुरुडसारख्या गावांतही संगणक ओळखीचा केला. 1997 च्या माहिती तंत्रज्ञान करारान्वये आयातशुल्क हटत गेले, किमती उतरल्या. जुन्या लॅपटॉपला चारऐवजी आठ जीबी रॅम बसवली की मुलांचे शिक्षण पुढे चाले. 2025 अखेरीस मात्र हीच रॅम कडाडली; उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे वळले. जगातील बहुतांश रॅम तीनच कंपन्या बनवतात आणि त्यांत भारतीय एकही नाही. स्वस्ताईलाच प्रगती मानल्याचा हा परिणाम! पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम’ उभारला. प्रोसेसर तेव्हाही परदेशीच होते. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचे कामही जुळणी व चाचणीचे, चिप घडवण्याचे नव्हे. त्यातच अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते; ती वाढवण्याची सोयही उरलेली नाही.