'रिझर्व्हेशन'चा कोणता अर्थ आमच्या वाट्याला?

इंग्रजी 'रिझर्व्हेशन' शब्द एकच, अर्थ मात्र ढीगभर. रेल्वेच्या बर्थचे रिझर्व्हेशन, हॉटेलातल्या टेबलाचे रिझर्व्हेशन. एखादी गोष्ट पटली नाही की साहेब लोक म्हणतात, आमची काही रिझर्व्हेशन्स आहेत. म्हणजे मनातल्या शंका. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावून त्यांना ज्या पट्ट्यांत ढकलले, त्यांचेही नाव तेच. आणि शहराच्या आराखड्यात मैदानासाठी भूखंडावर पडते तेही आरक्षणच (बिल्डरची नजर गेली की ते उठतेही!). पण बर्थ राखणाऱ्याला 'तुझी लायकी काय?' असे कोणी विचारत नाही.

आमचे नाव आले की मात्र शब्दकोशच बदलतो. सवलत, खिरापत, कुबड्या, 'सरकारी जावई'. हे समानार्थी शब्द कुठल्या कोशातले? संविधानाचे कलम 16(4) उघडा. ज्या मागासवर्गाला राज्याच्या सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी पदे राखण्याची ती तरतूद आहे. त्या पोटकलमात गरिबीचा उल्लेख नाही, दयेचा तर नाहीच. शब्द आहे प्रतिनिधित्व! 1932 च्या पुणे करारात बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, तेव्हा प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा ठरल्या. हातचा हक्क सोडून जे घेतले, ती भीक कशी?

2019 साली 103 व्या घटनादुरुस्तीने, आधीच्या आरक्षणात न बसणाऱ्या आर्थिक दुर्बलांसाठी 10 टक्क्यांपर्यंत आरक्षण आले. त्याला कोणी 'कुबड्या' म्हटल्याचे आम्ही तरी अजून ऐकलेले नाही.