मालकाला मिशी, कामगाराला बंदी



मिकी माऊस हे नाव आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याला जगभर पोहोचवणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम येथे 'डिस्नेलँड' हे भव्य मनोरंजन उद्यान सुरू केले. या डिस्नेसाहेबांचे फोटो पाहिले तर बहुतेक फोटोंत त्यांच्या ओठावर नीट कातरलेली मिशी दिसते. पण त्यांच्याच उद्यानात तिकिटे तपासणाऱ्या, पाळणे फिरवणाऱ्या, झाडू मारणाऱ्या पुरुष कामगारांना कित्येक वर्षे मिशी ठेवण्यास बंदी होती. ही बंदी उठायला २००० साल उजाडले. दाढीला परवानगी मिळाली ती फेब्रुवारी २०१२ मध्ये, तीही पाव इंचापेक्षा लांब नको या अटीवर.

एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने आणखी मोठी सवलत जाहीर केली. अंगावरचे गोंदण दिसले तरी चालेल. केस, नखे, दागिने आणि कामाचा पोशाख यांत पुरुषाने हेच आणि बाईने तेच, अशी जुनी सक्ती राहणार नाही. तोवर कंपनी आपल्या कामगारांना चार सूत्रे शिकवीत असे: सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता. त्यांत 'सर्वांना सामावून घेणे' हे पाचवे सूत्र घातले गेले. काही पाहुण्यांना हे रुचले नाही. स्वप्ननगरीची मजा गेली, अशी कुरकुर अमेरिकन वर्तमानपत्रांतून झाली.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या दाढी-मिशीचे आपल्याला काय? परंतु हा प्रश्न आपलाही आहे. आपले वाडवडील गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबले. आज आपली मुले-मुली मॉलमध्ये, हॉटेलात, मोठ्या दुकानात, सिक्युरिटीत कामाला जातात. गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे हात किती चालतात ते पाहिले जाई. या नव्या नोकऱ्यांत हाताबरोबर चेहराही पाहिला जातो. म्हणून मालकाचा हक्क कामगाराच्या अंगावर कुठपर्यंत चालतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

डिस्नेच्या उद्यानात कामगाराला कामगार म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात. हा 'कास्ट' जातीचा नव्हे, नाटकातल्या पात्रांचा. गणवेशाला तिथे 'कॉस्च्यूम' म्हणतात. पाहुण्यांसमोरची जागा म्हणजे रंगमंच आणि मागची जागा म्हणजे पडद्यामागची. कल्पना वरवर गोड आहे. नाटकात राजाचे काम करणाऱ्याने मुकुट घालायचा, यात अपमान कसला? पण पुढचे ऐका.

फ्लोरिडा राज्यात डिस्नेचेच 'डिस्ने वर्ल्ड' हे दुसरे, त्याहून मोठे उद्यान आहे. तिथे २००८ साली एक शीख गृहस्थ टपाल पोहोचवण्याच्या कामावर लागले. डोक्यावर पगडी, चेहऱ्यावर दाढी. कंपनीच्या 'दिसण्याच्या' नियमात हे बसत नव्हते. म्हणून त्यांना पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाहीत अशाच वाटेवरचे काम दिले गेले. इतर टपालवाले आळीपाळीने सगळीकडे फिरत आणि हे मात्र त्याच एका वाटेवर. २०१५ मध्ये तिथल्या शीख संघटनेने आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने कंपनीला पत्र पाठवले, तेव्हा त्यांना पगडी-दाढीसह सर्वत्र फिरण्याची मुभा मिळाली.

२०१० साली अनाहाइममधील डिस्नेच्या हॉटेलात एका मुस्लिम तरुणीने हिजाब घालून कामावर येण्याची परवानगी मागितली. तिला सांगण्यात आले, एक तर त्यावर टोपी घाल, नाही तर पाहुण्यांना दिसणार नाहीस अशा जागी काम कर. पुढे २०१२ मध्ये तिने कोर्टात दावा लावला.

बंधूंनो, 'काम कर, पण दिसू नकोस' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. त्या दोघांची दुःखे आणि आपल्या आज्यापणज्यांची दुःखे एकच, असे मी म्हणत नाही. आपल्या लोकांवर लादलेले ओझे फार वेगळे आणि फार जड होते. पण माणसाचे श्रम हवेत आणि माणूस मात्र नजरेआड हवा, ही वृत्ती दोन्हीकडे दिसते.

वेशाची सक्ती किती खोल जाते हे बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ सालच्या ग्रंथात दाखवले आहे. इंदूर भागातील बलाई या अस्पृश्य समाजाला सवर्णांनी १९२८ च्या सुमारास हुकूम सोडले. पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. जे मानणार नाहीत त्यांना विहिरीचे पाणी बंद आणि गुरांना चरणे बंद. त्याआधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते तो पेहराव सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. कपडा ही किरकोळ बाब असती तर सवर्णांनी त्यासाठी पाणी तोडले नसते आणि बाबासाहेबांनी त्यासाठी वेळ दिला नसता.

मग गणवेशच नको, असे म्हणायचे का? मुळीच नाही. भगवान बुद्धांच्या संघाकडे पाहा. भिक्खूंना एकच चीवर. मगधातल्या भातशेतीच्या बांधांसारखे तुकडे जोडून ते शिवावे, असे भगवंतांनी आनंदाला सांगितल्याची नोंद विनयपिटकात आहे. डोके सर्वांचेच मुंडलेले. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्र म्हणाले, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. तसेच झाले. हा गणवेश स्वतः तथागतांच्याही अंगावर होता. तो राजपुत्राला आणि न्हाव्याला एका रांगेत बसवीत होता. मालकाला मिशी आणि कामगाराला बंदी, असा भेद त्यात नव्हता.

म्हणून नियमाची पारख करायला आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: हा नियम कामासाठी आहे का? फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस नकोत, हातात कडे नको, स्वयंपाकघरात डोक्यावर टोपी हवी, हे सर्व रास्त आहे. त्यात आपल्याच मुलाबाळांचे हातपाय वाचतात. पण तिकीट देणाऱ्याच्या मिशीने पाळणा थांबत नाही. फ्रान्समध्ये १९९२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ डिस्नेचे उद्यान सुरू झाले, तेव्हा तिथल्या कामगार संघटनांनी या दिसण्याच्या नियमांविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्सच्या कामगार कायद्यात एक कलम आले. कामाच्या स्वरूपामुळे आवश्यक नसेल आणि उद्दिष्टाच्या मानाने जास्त असेल, असे बंधन व्यक्तीच्या हक्कांवर घालता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

दुसरा प्रश्न: नियम सर्वांना सारखा लागतो का? मेरीलँड राज्यातील सिक्स फ्लॅग्ज या उद्यानात २००६ साली काळ्या कामगारांना त्यांच्या जटा आणि बारीक वेण्यांवरून अडवण्यात आले. कागदावर नियम सगळ्यांसाठी असेल. पण ज्यांचे केस जन्मतःच कुरळे आणि दाट आहेत, ज्यांच्या आयाबहिणी पिढ्यान्पिढ्या तशा वेण्या घालत आल्या, त्यांच्याच मानेवर तो बसतो. ज्या काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर उभी केली, त्यांची ही गोष्ट आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने अमेरिकेत प्रथमच अशा केशरचनेवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला.

आपल्याकडेही मनगटावर 'जयभीम' गोंदवून घेणारी तरुण मुले वस्तीवस्तीत आहेत. अशा मुलाला कामावर 'मनगट झाक' म्हणून सांगितले, आणि शेजारच्याच्या मनगटावरचा देवाचा गंडा मात्र चालत असला, तर तो नियम गणवेशाचा राहिला नाही. मुलाने तिथे भांडण करून नोकरी घालवावी असे मी सांगणार नाही. पण त्या वेळी पुढचा प्रश्न विचारायचे त्याला माहीत असले पाहिजे.

तिसरा प्रश्न: नियम लेखी आहे का, आणि तो करताना कामगाराला कोणी विचारले का? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा झाला. नोकरीच्या अटी मालकाच्या तोंडी मर्जीवर न ठेवता कागदावर आणाव्यात आणि त्या पक्क्या होण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकावे, हे त्याचे सार. कायदे पुढे बदलले, २०२० साली नव्या संहिता संसदेत मंजूर झाल्या, पण हे तत्त्व आपण हातचे सोडू नये.

संघटनेने काय होते त्याचा एक दाखला देतो. डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी माऊस वगैरेंचे सोंग घेऊन फिरणारे कामगार असतात. त्यांना सोंगाच्या आत घालायची अंतर्वस्त्रे कंपनीकडून मिळत. आज एकाने घातलेली धुऊन उद्या दुसऱ्याला. नीट धुतली जात नाहीत, उवा आणि खरूज होते, अशी त्यांची तक्रार होती. २००१ साली टीमस्टर्स या कामगार संघटनेने करारात हा मुद्दा घातला आणि प्रत्येकाला स्वतःची अंतर्वस्त्रे मिळाली, ती घरी नेऊन धुण्याची मुभाही मिळाली. मुले ज्या मिकीला बघून टाळ्या पिटतात, त्याच्या आतल्या माणसाला एवढ्यासाठी करार करावा लागला!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाढी-गोंदणाची सवलत मिळाली म्हणून कोणाची चूल पेटत नाही. डिस्ने वर्ल्डमधील संघटनांनी २०१८ मध्ये करार करून किमान मजुरी टप्प्याटप्प्याने तासाला पंधरा डॉलरपर्यंत नेण्याचे कबूल करून घेतले, ते ऑक्टोबर २०२१ पर्यंत अमलात यायचे होते. मान आणि दाम दोन्ही हवेत. एक देऊन दुसरे विसरायला लावणारा मालक सर्वत्र सापडतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला कामावर पाठवताना एवढे जरूर सांगावे. स्वच्छ राहा, वेळेवर जा, गणवेश नीटनेटका ठेव. गणवेशाचे पैसे पगारातून कापतात का, ते पहिल्याच दिवशी विचार. अंगावरची एखादी गोष्ट काढायला सांगितली तर नम्रपणे विचार, 'साहेब, हा नियम कुठे लिहिला आहे? तो सगळ्यांना आहे का?' एकट्याने विचारून उत्तर मिळाले नाही तर चौघांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अमेरिकेतल्या त्या टपालवाल्याची वाटही पत्रानेच मोकळी झाली.

जयभीम!