टॅबलेटला पत्ता कोण सांगतं?

गेल्या महिन्यात बाबांची औषधं आमच्या जुन्या घरी पोचली. दांडिया बाजारातलं घर बंद करून आम्ही भायलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बाबांनी टॅबवरून औषधं मागवली, 'सध्याचं ठिकाण वापरा' हे बटण दाबलं आणि निवांत बसले. ॲपमध्ये फोन नंबर माझा आणि मी मीटिंगमध्ये. डिलिव्हरीवाला मुलगा कुलपासमोर उभा राहून मला फोन लावतोय. शेवटी शेजारच्या काकूंनी पाकिटावरचं नाव वाचलं, औषधं ठेवून घेतली आणि बाबांना कळवलं. संध्याकाळची रक्तदाबाची गोळी बाबांनी रात्री साडेनऊला घेतली.

घरी आल्याआल्या मी निदान सांगून टाकलं, "बाबा, या टॅबमध्ये जीपीएसच नाही. आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही."

"मग दांडिया बाजारात इतकी वर्षं बरोबर कसा सांगायचा?" बाबा म्हणाले. "आणि आता चुकला, तर नेमका आपल्याच जुन्या दारात कसा गेला?"

प्रश्न बिनतोड होता. इंजिनिअर मुलाला उत्तर द्यायला शनिवार उजाडला.

आधी जीपीएसबद्दल थोडं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ आणि आपली जागा सांगणारे संदेश पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोनमधली चिप स्वतःची जागा गणिताने काढते. फक्त वायफायवर चालणाऱ्या अनेक टॅबमध्ये ही चिप नसते. आयपॅडच्या वायफाय मॉडेलमध्येही ती नाही. सिमकार्ड नसल्यामुळे मोबाइल टॉवरचा आधारही मिळत नाही. मग असा टॅब शेजाऱ्यांना विचारतो. हे शेजारी म्हणजे आसपासच्या घरांतले वायफाय राउटर.

प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाक देत असतो. त्या हाकेत त्याचा एक ओळख क्रमांक असतो. ती ऐकायला पासवर्ड लागत नाही, त्या राउटरला जोडलेलं असण्याचीही गरज नाही. टॅब कान देऊन यादी करतो: हा क्रमांक मोठ्याने ऐकू येतोय, तो जरा हळू, तिसरा अगदी पुसट. ही यादी इंटरनेटवरून गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरकडे जाते. तिथे कोणता राउटर कुठे आहे याची मोठी वही असते. वहीतल्या जागा आणि आवाजाचा जोर यांचा मेळ घालून सर्व्हर उत्तर देतो. दाट वस्तीत हे उत्तर काही मीटरांपासून काही दहा मीटरांपर्यंत अचूक येतं. दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घरं आणि घराघरात राउटर. तिथे टॅब चुकणार कसा?

ही वही कोण लिहितं? सुरुवातीला गाड्या रस्तोरस्ती फिरवून राउटर नोंदले गेले. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्येही जीपीएस नव्हतं. २००८च्या जानेवारीत त्याला जागा कळू लागली ती स्कायहुक नावाच्या कंपनीच्या अशाच वहीमुळे आणि गूगलकडच्या मोबाइल टॉवरच्या नोंदींमुळे. आता ते काम आपले फोनच करतात. लोकेशन चालू असलेला फोन रस्त्याने जाताना स्वतःची जागा जीपीएसवरून जाणतो आणि आसपासच्या राउटरांच्या नोंदी कंपनीला पाठवतो.

आता आमचा घोटाळा लक्षात आला असेल. घर बदलताना आम्ही भांड्याकुंड्यांबरोबर राउटरही उचलून आणला. वहीत त्याचा पत्ता मात्र दांडिया बाजारच राहिला. इतर शेजारी राउटरांनी वेगळं सांगितलं असतं तर सर्व्हरला शंका आली असती. पण आमची इमारत नवी, मजल्यावर राहायला आलेलं कुटुंब एकच, आणि ते आम्हीच. साक्षीदार एक, तोही जुनीच साक्ष देणारा.

खात्री करायला मी राउटर बंद केला आणि टॅबला माझ्या फोनचं हॉटस्पॉट दिलं. दांडिया बाजारातला ठिपका गेला आणि अहमदाबादभोवती एक भलंमोठं वर्तुळ आलं. राउटरची साक्षच नसेल तेव्हा इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून नुसता अंदाज बांधला जातो. तो फार तर शहरापर्यंत नेतो, आणि तेही बरोबर शहर असेलच असं नाही. राउटर पुन्हा चालू केला, ठिपका परत जुन्या घरी.

औषधांना उशीर झाला, इतक्यावर निभावलं. पण बाबा घरात एकटे असताना १०८ बोलवायची वेळ आली असती आणि मदतीला धावलेल्या कुणी टॅबवर दिसणारा पत्ता सांगितला असता तर? रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद दारासमोर उभी राहिली असती.

म्हणून घरात असा टॅब असेल तर चार गोष्टी करा. घर बदललं की खरेदीच्या ॲपमधला पत्ता हाताने बदला, 'सध्याचं ठिकाण' वापरू नका. नकाशावर ठिपक्याभोवतीचं वर्तुळ बघा. ते जितकं मोठं, तितका अंदाज कच्चा. पण वर्तुळ लहान आहे म्हणजे जागा बरोबर असंही नाही, आमच्या टॅबने चुकीचा पत्ता अगदी ठासून सांगितला होता. नव्या घरी निदान काही दिवस फोनचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे वही सुधारायला मदत होईल. हे एका रात्रीत होत नाही. आणि आपला राउटर या वहीत नकोच असेल, तर वायफायच्या नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर देऊन 'नोमॅप' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. गूगल आणि ॲपल दोघंही ही खूण मानतात.

आमचं नवं घर वहीत चढायला महिना लागला. तोवर खालच्या मजल्यांवरही माणसं राहायला आली होती. एका सकाळी बाबांनी टॅब माझ्यापुढे धरला. ठिपका भायलीत होता.

"चला, हाही आला म्हणायचा राहायला," ते म्हणाले.

टॅबच्या पाठीवर मी नवा पत्ता आणि माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला होता. ती चिठ्ठी मात्र अजून काढलेली नाही.