मानधन कसले? मजुरी म्हणा!

'मानधन' हा शब्द मोठा सोयीचा आहे. शिबिरात तासभर बोलून गेलेल्या पाहुण्यांना पाकीट द्यायचे, तेही मानधन. आणि बाई महिनाभर राबते त्याचे जे काही तिच्या हातावर टेकवायचे, तेही मानधनच! फरक इतकाच की मागच्या तीन महिन्यांचे पैसे कधी मिळणार असे बाईने विचारले, की लगेच तिच्या सेवाभावावर शंका.

अंगणवाडीचेच पाहा. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. मुलांची वजने, आहारवाटप, बालशिक्षण, गरोदर बायकांच्या नोंदी, शिवाय वरून येईल तो सर्व्हे. एवढे करणारी ती कामगार नव्हे, 'सेविका'. तिच्या जोडीची 'मदतनीस'. आशा तर नावातच 'स्वयंसेविका'. कामगार म्हटले की किमान वेतन, रजा, फंड सगळे द्यावे लागते, म्हणून हा शब्दांचा खेळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ठरवलेले मानधन वाढवले, तेही सेविकेला महिना ४५०० आणि मदतनिशीला २२५० रुपये. राज्याकडून जी भर पडते ती रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे. महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बायका ४ डिसेंबर २०२३ पासून ५० हून अधिक दिवस संपावर होत्या, हे विसरू नये.

किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे ही वेठबिगारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले होते. अंगणवाडीचे मानधन हे वेतनच आहे, हे त्याच न्यायालयाने मान्य करायला एप्रिल २०२२ उजाडला, आणि तेही ग्रॅच्युइटीपुरते.

पण मैत्रिणींनो, सरकारवर तोफ डागणे आपल्याला सवयीचे आहे. आपल्या संस्थांचे काय?

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी पहिल्यांदा लागले त्या संस्थेत अनुदानाचा हप्ता अडकला. वस्तीतल्या चौघी कार्यकर्त्यांचे मानधन चार महिने थकले. ऑफिसात बसणाऱ्या आमचा पगार मात्र एकदाही चुकला नाही. त्यांतल्या एका ताईंना मीच समजवायला गेले, "ताई, आपलीच संस्था आहे, जरा सांभाळून घ्या." त्या म्हणाल्या, "मॅडम, आपली असती तर तुमचाही पगार थांबला असता."

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

त्यांना नेमणूकपत्र नव्हते. पण कोणत्या वस्तीत किती वाजता जायचे ते आम्ही ठरवायचो, अहवाल आम्ही मागायचो, खाडा झाला की पैसे आम्ही कापायचो. (मान म्हणून दिलेल्या धनातून खाडा कापतात, हे तिथेच शिकले!) मालक याहून वेगळा काय करतो? आणि त्या काळात आमच्या भिंतीवर पोस्टर होते घरकामाला श्रमाची प्रतिष्ठा द्या म्हणून.

अनुदान उशिरा येते हे खरे आहे. मीही ते हिशेब लिहिले आहेत. पण मग तुटीचा वाटा सर्वांनी उचलावा, संचालकांपासून. प्रकल्पाच्या अर्जात वस्ती कार्यकर्तीचा आकडा 'मानधन' या रकान्यात नव्हे, 'पगार' या रकान्यात, निदान किमान वेतनाइतका लिहावा. देणगीदार नाही म्हणाले तर तसे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. नेमणूकपत्र तर आजच देता येते, त्याला अनुदान लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या संस्थेची हजेरीवही आणि व्हाउचरची फाइल घेऊन या. आणि त्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांनाही घेऊन या.