पायाभरणी म्हणजे नफा नव्हे
११ एप्रिल २०२५ रोजी नवा रायपूरमध्ये पॉलीमॅटेक या कंपनीच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. गुंतवणूक १,१४३ कोटी रुपयांची, उद्दिष्ट २०३० पर्यंत १० अब्ज चिपचे. छत्तीसगडसाठी ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अभिमान आणि शेअरचा भाव यांची गल्लत करू नये. इथे गॅलियम नायट्राइडच्या चिप बनायच्या आहेत. उच्च वारंवारतेला हे द्रव्य सिलिकॉनपेक्षा सरस, म्हणून ५जी-६जीसाठी त्याला मागणी आहे. मात्र चिपच्या धंद्यात कमाई ठरते ती उताऱ्यावर: एका वेफरमधून, म्हणजे चिप कोरलेल्या चकतीतून, निघालेल्या शंभर चिपपैकी चाचणीत किती टिकल्या, यावर. तो आकडा कारखाना चालल्याशिवाय कळत नाही. ‘निकालाची वाट पाहणारा मागे राहतो,’ असे कुणी म्हणेल. लवकर शिरणाऱ्याला कधी मोठा लाभ होतो, हे खरेच. पण आधी कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे का, हे पाहावे. सूचिबद्ध कंपनीला दर तिमाहीचा हिशेब जाहीर करावा लागतो. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीवर ते बंधन नाही. हिशेबच समोर नसेल तर लावलेला पैसा अंदाजावर लागतो, अभ्यासावर नव्हे. म्हणून रायपूरकरांनो, कारखान्याचे स्वागत मनापासून करा. घरची पुंजी मात्र ताळेबंद वाचल्यावरच गुंतवा.