गावाला आणखी समिती नको, बारा घरांचा माणूस हवा

आपल्या गावात समित्यांना तोटा नाही. पाणलोट समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, वन समिती आहे, तंटामुक्ती समिती आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नावंही रंगवलेली असतात. पण खालच्या आळीतल्या एखाद्या म्हातारीची एकुलती गाय मेली, तर ते आधी कोणाला कळायला हवं? एखादा शेतकरी आठ दिवस रानात फिरकला नाही, तर त्याच्या दारात कोणी जायचं? याचं उत्तर भिंतीवरच्या यादीत सापडत नाही. काम सगळ्यांचं म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही.

या निमित्ताने मेथडिस्ट चर्चची कामाची रीत सांगावीशी वाटते. कोणी म्हणेल, शेतीच्या पानावर चर्च कशाला? मुद्दा धर्माचा नाही. पगार न घेणाऱ्या साध्या माणसांकडून वर्षानुवर्षे नेटाने काम कसं करून घ्यायचं, याचा तो मुद्दा आहे. तो आपल्या उपयोगाचा आहे.

या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली हे 18 व्या शतकातले इंग्लंडचे धर्मोपदेशक. खाणकामगार, विणकर, मजूर अशा लोकांत ते उघड्या रानात भाषणं करीत. 1742 साली ब्रिस्टल शहरात त्यांच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने तोडगा काढला की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पेनी म्हणजे तिथला पैसाच म्हणा. यावर दुसरा म्हणाला, अहो, पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. तेव्हा फॉय म्हणाले की अकरा सर्वांत गरीब माणसं माझ्याकडे द्या, दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याची भर मी घालीन. झालं. बाराजणांचे गट पडले. त्याला 'क्लास' म्हणत आणि प्रमुखाला 'क्लास लीडर'.

आता गंमत बघा. हे प्रमुख पैसे मागायला घरोघर गेले आणि त्यांना घरातली खरी हकीकत कळू लागली. कुठे आजारपण, कुठे दारू, कुठे भांडण, कुठे चूल पेटलेली नाही. पैशासाठी घातलेली फेरी माणसासाठीची फेरी झाली. पुढे सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एके ठिकाणी बसायचं ठरलं. प्रत्येकाने आपलं बरं-वाईट सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, चुकत असेल तर तोंडावर सांगायचं. गटप्रमुखांत पुष्कळ स्त्रियाही होत्या, आणि हे सारं बिनपगारी.

लंडनमध्ये आजाऱ्यांच्या विचारपुशीसाठी त्यांनी शहराचे 23 भाग पाडले आणि 46 स्वयंसेवक नेमले. दोघांची जोडी, एक भाग, आणि आजाऱ्याकडे आठवड्यातून तीनदा जायचं. कोणी कुठे जायचं ते ठरलेलं, त्यामुळे 'मला वाटलं तू गेलास' हे बोलायची सोय नाही.

पैशाचंही तसंच. वेस्लींनी गरिबांसाठी उसनवारीचा निधी काढला. एका वेळी वीस शिलिंगांपर्यंत, म्हणजे एक पौंडापर्यंत रक्कम द्यायची आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी करून तीन महिन्यांत परत घ्यायची. 1748 च्या जानेवारीत त्यांनी आपल्या रोजनिशीत हिशेब लिहून ठेवला आहे. सुरुवातीला जमले 30 पौंड 16 शिलिंग, आणि अठरा महिन्यांत 255 माणसांची नड भागली. तीस पौंड म्हणजे एक-एक पौंडाने तीसच जणांना पुरायचे. पण पैसा परत आला आणि पुन्हा गेला, म्हणून एवढ्यांना पुरला. आपल्या बचत गटातल्या माताभगिनींना हे नव्याने सांगायला नको. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही, ही पंचसूत्री त्या रोज पाळतात. ज्या गटात बैठक मोडली तिथे परतफेडही मोडते, हे आपण गावोगाव पाहतो.

या छोट्या गटांतून आणखी एक पीक आलं. शेतमजूर बोलायला शिकला, सभा चालवायला शिकला, वही लिहायला शिकला. इंग्लंडच्या वॉर्विकशायरमधला जोसेफ आर्च हा शेताच्या कुंपणाची झुडपं छाटणारा मजूर आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचा बिनपगारी उपदेशक. 1872 साली त्याने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि 1885 साली तो पार्लमेंटात निवडून गेला. ज्याला आठवड्याला दहा माणसांपुढे उभं राहायची सवय असते, तो हजारांपुढे डगमगत नाही. आपल्या ग्रामसभेत मागे बसून मान डोलावणाऱ्यांची सवय कुठे घडते, याचा यावरून विचार करावा.

आपल्याकडेही ही रीत आली होती. विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले आणि त्यांनी घराघरांत बसणारे छोटे गट उभे केले. त्यांना येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन 1848 पासून मुंबईत होते. त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला आणि अगदी साधेपणाने राहून 1888 साली मरेपर्यंत इथेच काम केलं.

आता थेट शेतातली गोष्ट. काढणी झाल्यावर पडलेली कणसं-शेंगा वेचणं याला आपण सरवा म्हणतो. मराठी बायबलात रूथ नावाची विधवा शेतात जाते, तिथेही हाच 'सरवा' शब्द आहे. अमेरिकेत दोन मेथडिस्ट पाळकांनी 1979 साली व्हर्जिनिया राज्यात 'सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू' ही संस्था काढली. 1983 पासून ती बाजाराने आकारावरून, डागावरून नाकारलेले बटाटे उचलून गरिबांच्या अन्नकेंद्रांना देऊ लागली. पुढे शेतकऱ्याच्या परवानगीने स्वयंसेवक शेतातच उतरू लागले आणि राहिलेला माल वेचू लागले.

आपल्याकडे टोमॅटोचे भाव पडले की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि माल रानातच सडतो. त्याच तालुक्यात आश्रमशाळा असते, वसतिगृह असतं, तिथे भाजी लागतेच. मधे अडतं काय? तोडणारे हात आणि नेणारी गाडी. वीस माणसं एक सकाळ देतील तर हात फुकट मिळतात, आणि डिझेल ग्रामपंचायत किंवा एखादा दुकानदार देऊ शकतो. मात्र एक लक्षात ठेवावं. यातून शेतकऱ्याला भाव मिळत नाही. भावाचा प्रश्न भावाच्याच जागी लढावा लागेल, तो दानधर्माने झाकू नये.

आता दुसरी बाजू. मेथडिस्टांचे हे क्लास कायम टिकले नाहीत. 19 व्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, घोड्यावरून फिरणारे उपदेशक एकेका गावात स्थिर झाले. जागेवर पगारी पाळक आला, मग आजाऱ्याकडे तोच जाईल, चौकशी तोच करील असं लोकांनी धरलं. शेजारी मागे सरला आणि गट विरत गेले. मी स्वतः पगारी माणूस आहे, म्हणून हे मला टोचतं. कृषी खात्याचा माणूस येईल आणि बोंडअळी बघेल, असं गाव म्हणतं. अहो, एका माणसाकडे अनेक गावं. तो पोचेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते. पगारी माणूस शेजाऱ्याच्या मदतीला असावा, शेजाऱ्याच्या जागी नसावा.

काही जण म्हणतील, चर्चच्या सेवेमागे माणसं ओढण्याचा हेतू असतो. वेस्लींना धर्मप्रचार करायचाच होता, ते त्यांनी लपवलं नाही. पण बारा घरं, एक माणूस, आठवड्याची फेरी या रीतीला जात-धर्म नाही. आपली सावड, इर्जिक यांच्या मुळाशी दुसरं काय होतं? आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. ते मोडलं, कारण ट्रॅक्टर आला आणि एकमेकांच्या दारात जायचं कारण उरलं नाही. ते कारण आता ठरवून निर्माण करावं लागेल.

तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती की नवी समिती काढू नका. आळीवार बारा-बारा घरं पाडा. प्रत्येक गटाला एक माणूस द्या, बाई असली तर फारच उत्तम. पुढारी नको, ज्याच्या हाती दारावरची कडी सहज वाजते असा हवा. आठवड्यातून एकदा बाराही घरी जायचं आणि चारच गोष्टी विचारायच्या: घरात आजारी कोण, पिकावर काय दिसतंय, जनावर कसं आहे, सावकाराचा किंवा बँकेचा तगादा आहे का. पहिल्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या. चौथी लिहायची नाही आणि चावडीवर बोलायची तर मुळीच नाही. ज्याला गरज आहे त्याच्यासोबत बँकेत किंवा दवाखान्यात जायचं. महिन्यातून एकदा सगळ्या गटांच्या माणसांनी तासभर एकत्र बसायचं. वर्षाने माणूस बदलायचा, म्हणजे एकावर ओझं नाही आणि दुसऱ्यालाही शिकायला मिळतं.

याला जी.आर. लागत नाही, निधी लागत नाही. खरिपाच्या पेरणीआधी एकाच आळीत करून बघा. बारा घरांतलं एक घर जरी वेळेवर सावरलं, तरी त्या फेऱ्या वाया गेल्या असं कोणी म्हणणार नाही.