महागडं रीळ परवडतं का?



परदेशात वाढणारी आपली नातवंडं गळ टाकायला शिकतात, आणि वाढदिवसाला इथे वारणानगरला आजीकडे मागणी येते ती मासे धरायच्या महागड्या रिळाची. का? तर स्वस्तातलं खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं, भारीतलं वर्षानुवर्षं टिकतं.

हिशेब खरा आहे. मी बी.कॉम.; किंमत भागिले वर्षं एवढं मलाही येतं. सायकलचे गिअर बनवणारी जपानची शिमानो कंपनी ही रिळंही बनवते, म्हणजे माल हलका नसणार. पण खर्च लिहायचा कुठल्या खात्यावर? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातलं एक हिंसादान. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. रीळ भेट देणं दुसरं काय आहे?

"पकडतो आणि सोडून देतो" म्हणे! गळ तोवर जबड्यात घुसलेला असतो, बायांनो. मृगसेन धीवरानेही मासा सोडला, पण त्याचं पोट त्या जाळ्यावर होतं आणि व्रतापायी तो रिकाम्या हाताने घरी गेला. यांचं पोट भरलेलं, हा नुसता खेळ. आणि रीळ जितकं टिकाऊ तितकी वर्षं गळ पडत राहणार, हे जमेला धरता की नावे?

माझ्या नातवाला मी दुर्बीण पाठवतेय. किंमत रिळाएवढीच पडली.